सुई आत का ओढली जाते?

एलपीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचा राग मावतो. विलंबित ख्याल सुरेख चाललेला असतो, द्रुत बंदिश सुरू होते, गायक तार सप्तकात शिरतो, ताना भराभर यायला लागतात आणि तिथेच आवाज फाटतो. लक्ष देऊन ऐकलं तर बऱ्याचदा तो आधी उजव्या स्पीकरमधून फाटतो. डावा अजून स्वच्छ असतो. सुई झिजली असेल किंवा ध्वनिमुद्रिका खराब झाली असेल, ही पहिली शंका रास्त आहे आणि पुष्कळदा ती खरीही ठरते. पण दोन्ही चांगल्या असूनही खरखर एकाच बाजूने येत असेल, तर टोनआर्मच्या, म्हणजे सुई वाहून नेणाऱ्या दांड्याच्या, बुडाशी असलेल्या अँटीस्केटच्या बटणाकडे वळायला हवं. टर्नटेबल घेणारे बहुतेक जण सुईचा भार काळजीने लावतात आणि हे बटण मात्र खोक्यातून आलं तसंच राहू देतात. त्यात त्यांचा दोष नाही. ज्या बलाचा बंदोबस्त हे बटण करतं ते डोळ्यांना दिसत नाही, आणि बहुतेक माहितीपुस्तिकांत त्याबद्दल एखाद-दुसरं वाक्यच असतं.

या बलाचं मूळ भूमितीत आहे. कारखान्यात मूळ तबकडीवर खाच कोरणारं यंत्र आपली कोरणी कडेपासून मध्याकडे सरळ रेषेत, त्रिज्येवरून नेतं. घरातला टोनआर्म मात्र एका टोकाला पिव्हटवर बसवलेला असतो. त्याचं दुसरं टोक सरळ रेषेत जाऊच शकत नाही, ते कंसात फिरतं. त्यामुळे खाच ज्या दिशेने कोरली गेली ती दिशा आणि सुई ज्या दिशेने ती वाचते ती दिशा यांत फरक पडतो, आणि या फरकामुळेही आवाजात विकृती येते. ती कमी कशी करायची हा प्रश्न एलपीपेक्षाही जुना आहे. पर्सी विल्सन यांनी १९२४ मध्येच त्याचं गणित मांडलं, १९३८ मध्ये स्वीडनच्या एरिक लॉफग्रेन यांनी ते पक्कं केलं आणि १९४१ मध्ये बेअरवाल्ड यांनी त्यात भर घातली. आजही बहुतेक टोनआर्म त्याच उत्तरावर चालतात. आर्मची लांबी अशी ठेवायची की सुई मधल्या खुंटीच्या थोडी पलीकडे पोचेल, आणि कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेली डबी, आर्मच्या रेषेत न बसवता आतल्या बाजूला वीस-पंचवीस अंशांनी तिरपं बसवायचं. मग संपूर्ण तबकडीवर दिशेचा फरक दोन-तीन अंशांच्या पलीकडे जात नाही, आणि दोन ठिकाणी तर तो शून्य होतो.

हे उत्तर फार सुंदर आहे, पण त्याची किंमत मोजावी लागते. हिऱ्याची सुई विनाइलवर घासते, आणि फिरणारी तबकडी तिला खाचेच्या दिशेने पुढे ओढते. दाराच्या मोकळ्या कडेला दोरी बांधून ती बिजागरीच्या बरोबर विरुद्ध दिशेला ओढली तर दार हलत नाही. दोरी जरा तिरपी ओढली की दार फिरायला लागतं. टोनआर्मचं तसंच होतं. खाचेची ओढ पिव्हटच्या रेषेत असती तर तिने आर्म नुसता ताणला असता. पण कार्ट्रिज तिरपं बसवल्यामुळे ओढीची रेषा पिव्हटच्या बाजूने निघून जाते आणि आर्म मध्याकडे वळायला बघतो. यालाच स्केटिंग म्हणतात.

याबद्दल दोन गैरसमज फार पसरलेले आहेत. एक म्हणजे हे बल केंद्रोत्सारी आहे. तसं असतं तर आर्म बाहेर गेला असता. इथे तर तो आत येतो. दुसरा म्हणजे खाच मळसूत्रासारखी आत जाते म्हणून आर्म आत ओढला जातो. खाच आत जाते हे खरं, पण एका फेऱ्यात जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, आणि त्या संथ सरकण्यातून जाणवण्याजोगं बल तयार होत नाही. स्केटिंग जन्मतं ते घर्षण आणि तिरपेपणा यांच्या जोडीतून. दिशेचा फरक शून्य असतो त्या दोन ठिकाणीही ते असतंच, कारण तिरपेपणा तिथेही असतो.

आकडे पाहिले की गोष्ट स्पष्ट होते. टेक्निक्सचा एसएल-१२०० मार्क २ जगभर ओळखीचा आहे. त्याच्या आर्मची सुईपर्यंतची लांबी २३० मिलिमीटर, सुई खुंटीच्या पलीकडे १५ मिलिमीटर आणि कार्ट्रिजचा तिरपेपणा २२ अंश. या मापांवरून खाचेची दिशा आणि आर्मची रेषा यांतला कोन काढता येतो. तबकडीच्या बाहेरच्या कडेला तो साडेचोवीस अंशांच्या आसपास असतो, मध्यावर एकवीस अंशांच्या जरा खाली येतो आणि शेवटी पुन्हा बावीसकडे चढतो. सुईचा भार १.८ ग्रॅम धरा. घर्षणाची ओढ भाराच्या पाव ते तृतीयांश असते, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. तिरपेपणामुळे त्यातला चाळीस टक्क्यांएवढा भाग आर्मला आत ढकलतो. हिशेब ०.२ ग्रॅमच्या आसपास येतो.

०.२ ग्रॅम म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण हा भार कुठे पडतो ते पाहायला हवं. स्टिरिओ ध्वनिमुद्रिकेची खाच इंग्रजी व्ही अक्षरासारखी असते, तिच्या दोन भिंती एकमेकींशी काटकोन करतात, आणि प्रत्येक भिंतीवर एका चॅनेलचा आवाज कोरलेला असतो. ही कल्पना ईएमआयमधले इंजिनिअर अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी १९३१ च्या पेटंटमध्ये मांडली होती. वेस्ट्रेक्सने ती १९५७ मध्ये पुन्हा पुढे आणली आणि १९५८ पासून स्टिरिओ एलपी बाजारात आल्या. आतली भिंत, म्हणजे खुंटीच्या बाजूची, डाव्या चॅनेलची. बाहेरची भिंत उजव्या चॅनेलची. स्केटिंग सुईला आतल्या भिंतीवर रेलतं. गणित केलं तर १.८ ग्रॅमच्या भारावर ०.२ ग्रॅमची बाजूची ओढ पडली, की आतली भिंत जणू २ ग्रॅमने वाजते आणि बाहेरची १.६ ग्रॅमने. एकच सुई, एकच ध्वनिमुद्रिका, पण दोन चॅनेल दोन वेगळ्या भारांवर वाजत असतात.

संथ आलापीत १.६ ग्रॅम पुरेसे असतात. पण जोरकस तान, तारशहनाईचा तीव्र सूर किंवा झाल्यात चिकारीवर पडणारे आघात आले की बाहेरची भिंत सुईला वेगाने इकडेतिकडे फेकते. भार कमी पडला तर सुई क्षणभर भिंतीचा स्पर्श सोडते आणि पुन्हा आदळते. आपण ज्याला आवाज फाटणं म्हणतो तो हाच प्रकार, आणि म्हणूनच तो उजवीकडून सुरू होतो. प्रत्येक वेळी आदळताना सुई मऊ विनाइलला थोडी इजाही करते. ती इजा कायमची असते.

यावरचा उपाय अगदी सरळ आहे: आर्मला तेवढ्याच बलाने बाहेर ओढायचं. त्यासाठी निर्मात्यांनी वेगवेगळ्या वाटा काढल्या. काही आर्मना बारीक दोऱ्याला टांगलेलं छोटं वजन असतं. प्रो-जेक्टच्या अनेक मॉडेल्सवर ते आजही दिसतं. ते वजन ०.२ ग्रॅमपेक्षा पुष्कळ मोठं असतं, कारण दोरा पिव्हटच्या अगदी जवळ बांधलेला असतो. सुई २३० मिलिमीटरवर आणि दोरा समजा १५ मिलिमीटरवर असेल, तर ०.२ ग्रॅमची बरोबरी करायला तीन ग्रॅम लागतात. टेक्निक्समध्ये स्प्रिंग असते, रेगामध्ये लोहचुंबक. मला दोरा-वजनाची पद्धत सर्वात प्रामाणिक वाटते. ती दिसते, समजते आणि स्प्रिंगसारखी वर्षानुवर्षांनी थकत नाही. फक्त दोरा कुठे अडकत तर नाही ना, हे पाहावं लागतं. स्केटिंगच्या कटकटीतून पूर्ण सुटण्याचीही एक वाट आहे. आर्मला पिव्हटवर न फिरवता रुळावरून सरळ रेषेत सरकवायचं. बँग अँड ओलुफसेनचा १९७२ चा बिओग्रॅम ४००० तसा होता. तिरपेपणाच नाही, म्हणून स्केटिंगही नाही. पण ती यंत्रणा महाग आणि नाजूक, म्हणून बहुसंख्य टर्नटेबल पिव्हटवालेच राहिले.

आता मुख्य अडचण. बटणावर ०, १, २, ३ असे आकडे छापलेले असतात आणि पुस्तिका सांगते की सुईचा भार जितके ग्रॅम, तोच आकडा लावा. सुरुवातीला हे ठीक आहे. पण एकच एक बरोबर आकडा असूच शकत नाही, हे पक्कं ध्यानात ठेवायला हवं. कोन तबकडीच्या कडेपासून मध्यापर्यंत बदलतो, हे वर आलंच. घर्षण तर त्याहून चंचल आहे. सुईचं टोक गोल आहे की लंबगोल, विनाइल कुठल्या प्रतीचं, खाच कोरडी की ओली, संगीत हळू की जोरात, या सगळ्यावर ते बदलतं. ड्युअलसारख्या जर्मन कंपन्या बटणावर गोल आणि लंबगोल सुयांसाठी वेगळ्या खुणा छापत असत, ते उगाच नाही. आपल्याला जी शोधायची आहे ती दोन भिंतींमधली सरासरी तडजोड, आणि ती शेवटी कानानेच सापडते.

कान लावण्याआधी बाकीची कामं उरकलेली हवीत. टर्नटेबल पातळीत आहे का, कार्ट्रिज प्रोट्रॅक्टरवर, म्हणजे कोन जुळवण्याच्या पट्टीवर, नीट जुळवलंय का, सुई स्वच्छ आहे का, भार छोट्या डिजिटल काट्यावर मोजलाय का. काउंटरवेटवरच्या, म्हणजे आर्मच्या मागच्या वजनावरच्या, आकड्यांवर मी विसंबत नाही, ते पुष्कळदा चुकतात. हा क्रम मोडून अँटीस्केट फिरवत बसणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, कारण भार बदलला की स्केटिंगही बदलतं. आणखी एक तपासणी मला फार मोलाची वाटते. आर्म हवेत तरंगेल इतका समतोल करा, सुईला तिचं झाकण लावा आणि अँटीस्केट अगदी कमीवर ठेवा. आर्मने न अडखळता, सावकाश बाहेर सरकायला हवं. तो अडखळला तर पिव्हटच्या बेअरिंगमध्ये घर्षण आहे, आणि ते दुरुस्त झाल्याशिवाय पुढचं सगळं व्यर्थ आहे. सुई खाली टेकवताना आर्म किंचित बाहेर सरकला तर घाबरू नये. हवेत घर्षण नसतं, स्केटिंग नसतं, त्यामुळे अँटीस्केट एकटंच काम करत असतं.

कोऱ्या, खाच नसलेल्या गुळगुळीत तबकडीवर सुई ठेवायची आणि आर्म जागच्या जागी थांबेपर्यंत बटण फिरवायचं, ही युक्ती पुष्कळ जण सुचवतात. मी तिच्यावर भरवसा ठेवत नाही. खाचेत सुई दोन बाजूंनी टेकते, सपाट पृष्ठभागावर टोकाने. घर्षण सारखं राहत नाही आणि त्यावर बेतलेला आकडा खाचेत लागू पडत नाही. चाचणीसाठी बनवलेल्या खास ध्वनिमुद्रिकांवर ३०० हर्ट्झचा सूर पायरी-पायरीने मोठा होत जातो. सुई कुठे हार मानते ते त्या नेमकं दाखवतात, म्हणून त्या उपयोगी आहेत. पण त्यांची शेवटची पायरी संगीतात सहसा येत नाही इतकी मोठी असते. ती स्वच्छ वाजावी म्हणून अँटीस्केट चढवत गेलं, तर रोजच्या ऐकण्यात ते गरजेपेक्षा जास्त होतं आणि मग डावी बाजू फाटायला लागते.

आपल्याकडच्या श्रोत्याजवळ याहून चांगलं साधन बहुतेक आधीच असतं: जुनी मोनो एलपी. साठच्या दशकातल्या बऱ्याच भारतीय एलपी मोनोच होत्या. मोनो ध्वनिमुद्रिकेच्या दोन्ही भिंतींवर अगदी तोच आवाज असतो. त्यामुळे स्टिरिओ कार्ट्रिजने ती वाजवून हेडफोनवर ऐकलं, तर दोन्ही कानांत येणाऱ्या आवाजातला फरक हा सुई आणि भिंत यांच्यातला फरक असतो, संगीतातला नव्हे. चांगल्या अवस्थेतलं भावगीत किंवा नाट्यपद घ्यावं, आणि शब्दांतल्या ‘स’, ‘श’, ‘च’ या वर्णांकडे कान लावावा. गाणारा आवाज बरोबर मध्ये असावा. ‘स’ची धार उजवीकडे सांडत असेल, तिथे तो खरबरीत होत असेल, तर अँटीस्केट थोडं वाढवायचं. डावीकडे सांडत असेल तर कमी करायचं. बटण एका वेळी पाव-अर्ध्या अंकापेक्षा जास्त फिरवू नये, आणि तोच तुकडा पुन्हा ऐकावा. सुई वाजत असताना समोरून पाहिलं तर कॅन्टिलिव्हर, म्हणजे सुई धरणारी बारीक काडी, कार्ट्रिजच्या मध्यरेषेत दिसायला हवी. ती सतत बाहेर झुकलेली दिसली तर कार्ट्रिज आत ओढलं जातंय आणि सुईला खाच धरून ठेवतेय, असा त्याचा अर्थ.

एक खबरदारी. उजवीकडचा आवाज फाटतोय म्हणजे दोष टर्नटेबलचाच, असं नाही. अ‍ॅम्प्लिफायरला जाणाऱ्या डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल करून पाहावी. खरखर दुसऱ्या स्पीकरकडे गेली तर ती सुईकडून येतेय. जागची हलली नाही तर अ‍ॅम्प्लिफायर किंवा स्पीकर तपासायला हवा.

अँटीस्केट काय करू शकत नाही हेही सांगायला हवं, कारण त्याच्याकडून नको ती अपेक्षा ठेवणारे पुष्कळ आहेत. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, पण बाहेरच्या फेऱ्यात खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने जाते आणि शेवटच्या फेऱ्यांत फक्त २१ सेंटिमीटर. तोच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. १० हजार हर्ट्झच्या सुराची एक लाट शेवटी जेमतेम २१ मायक्रॉन लांब उरते, आणि साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्याच १८ मायक्रॉन असते. एवढ्या बारीक वळणांत ती सुई शिरणार तरी कशी? ही विकृती दोन्ही चॅनेलमध्ये सारखी येते आणि बटण कितीही फिरवलं तरी जात नाही. तिच्यावर उपाय म्हणजे लंबगोल किंवा त्याहून बारीक धारेची सुई, आणि कार्ट्रिजची अचूक जुळणी. पाश्चात्त्य पॉप संगीताच्या एलपीत बाजूच्या शेवटी हळू गाणं ठेवून ही अडचण टाळता येते. आपल्या रागसंगीताला ती सोय नाही. राग संथ सुरू होतो आणि द्रुताकडे, झाल्याकडे, तराण्याकडे चढत जातो. सगळ्यात वेगवान आणि जोरकस भाग नेमका सगळ्यात कमी जागेत येतो. आपल्या ध्वनिमुद्रिका सुईची अशी कठीण परीक्षा घेतात, म्हणून त्या ऐकणाऱ्याने दोन भिंतींमधल्या भाराची वाटणी जास्तच काळजीने करायला हवी.

तरी आवाज एकीकडे फाटतच राहिला, तर सुईचा भार निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाकडे न्यावा. १.८ चे २ ग्रॅम केले की बाहेरच्या भिंतीला जवळजवळ तेवढाच आधार मिळतो जेवढा स्केटिंगने हिरावला होता. भार हलका ठेवला की ध्वनिमुद्रिका वाचते, ही समजूत चुकीची आहे. कमी भारावर उडणारी सुई जास्त नुकसान करते.

आणि शेवटी जुन्या बाजारातून किंवा घरच्या कपाटातून निघालेल्या ध्वनिमुद्रिकांबद्दल. त्यातल्या बऱ्याच, सुटकेससारख्या प्लेअरवर वाजलेल्या असतात. त्यांत सिरॅमिक कार्ट्रिज असायचं, भार पाच-सहा ग्रॅमचा असायचा, अँटीस्केटचा पत्ता नसायचा आणि सुई वर्षानुवर्षं बदललेली नसायची. अशा ध्वनिमुद्रिकेची एखादी भिंत आधीच खरवडली गेलेली असू शकते. तिच्यावरून आपल्या टर्नटेबलची परीक्षा करू नये. जुळणीसाठी एखादी चांगल्या अवस्थेतली, ओळखीची एलपी बाजूला ठेवावी आणि सुई बदलली की दर वेळी तिच्यावरच पुन्हा तपासावं. मराठीतली कितीतरी ध्वनिमुद्रणं पुन्हा कधी कुठल्या रूपात निघालीच नाहीत, ती आज केवळ त्या काळ्या तबकड्यांवर आहेत. तुमच्याकडे अशी एखादी असेल, तर आधी टर्नटेबलची जुळणी पूर्ण करा आणि मगच तिच्यावर सुई ठेवा.